स्टिल म्हणजे तरीही

सईच्या वर्गात चिठ्ठ्या टाकल्या आणि तिच्या वाट्याला 'स्टिल' हा शब्द आला. इंग्रजीच्या बाईंनी प्रत्येकाला एकेक साधा, रोजच्या वापरातला शब्द दिला होता. त्याचे सगळे अर्थ शोधायचे, त्याच्या जवळपासचे शब्द गोळा करायचे आणि चार्टपेपरच्या शेवटच्या रकान्यात मातृभाषेतला शब्द लिहायचा. कोणाला 'रन' मिळाला होता, कोणाला 'लाइट'. सई वैतागून घरी आली. "मम्मा यार, बाकीच्यांना कितने मस्त वर्ड्स मिळाले. माझाच बोरिंग आहे."

"मग बदलून घे की कोणाशी तरी," मी जरा घाईनंच म्हटलं.

"अब नहीं बदलेगा. आणि ईझी पण आहे ना. तू तर मेलमध्ये रोज लिहितेस."

ते खरं आहे. 'स्टिल पेंडिंग', 'स्टिल वेटिंग फॉर युअर रिप्लाय' असली वाक्यं मी नोएडातल्या त्या काचेच्या ऑफिसात दिवसभर बडवत असते. हा शब्द लिहिताना माझं बोट क्षणभर अडतं, हे आजवर कोणाच्या लक्षात आलेलं नाही. मीही ते कोणाला सांगितलेलं नाही.

रविवारी आमच्या अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत दोनेक तास ऊन येतं. पौषातलं दिल्लीकडचं ऊन म्हणजे पाहुण्यासारखं, आलं की सगळी कामं टाकून त्याच्यापाशी जाऊन बसायचं. आई वेताच्या मोड्यावर मटार सोलत बसली होती. तिच्या पायाशी सई चार्टपेपर पसरून पालथी पडलेली, शेजारी टॅबलेट.

"आजी, मला हेल्प कर ना. स्टिलला मराठीत काय म्हणतात?"

"स्टील? डब्यांचं स्टील?"

सई खदखदून हसली. "स्टील नाही आजी, स्टिल. छोटीवाली इ."

"आमच्या कानाला दोन्ही सारखंच गं बाई," आई म्हणाली आणि तीही हसली.

मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात आले. आधणाकडे बघत उभी राहिले खरी, पण मन केव्हाच सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरकडे निघालं होतं.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. क्वार्टर मिळेपर्यंत ते दिल्लीत मित्रांबरोबर खोली करून राहायचे आणि आई आणि मी कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी. मी नऊ वर्षांची असताना एका थंडीत आम्ही दोघी दिल्लीला आलो. दोन खोल्या, पिवळट चुना दिलेल्या भिंती, मागे एवढंसं अंगण आणि पुढे जाळीचं दार. ते दार लावताना धाडकन आपटायचं आणि मग दोनदा हळूच थरथरायचं. आजही कुठे तसं दार आपटलं की मला रॉकेलच्या स्टोव्हचा आणि नव्या रजईतल्या कापसाचा वास येतो. थंडी सरली की रजया ट्रंकेत जायच्या, त्यांच्यात डांबराच्या गोळ्या पडायच्या. मग कूलर बाहेर निघायचा, त्याला वाळ्याचे नवे पडदे लागायचे आणि पहिलं पाणी सोडलं की सगळं घर ओल्या मातीसारखं गंधाळायचं. दुपारी आंधी यायची. आभाळ आधी पिवळं, मग विटकरी व्हायचं, आणि शेजारच्या बीजी ओरडायच्या, "खिड़की बंद कर लो, आंधी आ गई!" आई धावत सुटायची. तरीही रात्री जेवताना भातात वाळूचा कण लागायचाच.

आईला हिंदी येत नव्हती, म्हणजे तिला वाटायचं की येते. अर्धे शब्द मराठीसारखेच, मग काय अवघड, असा तिचा हिशेब. त्या पहिल्या वर्षी पावसाळा सरता सरता तिला सीताफळाचे डोहाळे लागले. गाडीवाला भाजी घेऊन आला तशी ती जाळीच्या दारातून म्हणाली, "भैया, सीताफल है?"

"है ना, बहनजी. कितना दूँ?"

"आधा किलो."

त्यानं गाडीखालून एक भलामोठा लाल भोपळा काढला, सुरा चालवला आणि केशरी फोड तराजूत टाकली. आई बघतच राहिली. इकडे भोपळ्याला सीताफल म्हणतात, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मग ती जी हसत सुटली ती अक्षरशः पोट धरून. त्या फोडीचे तिनं घारगे केले. किसलेला भोपळा आणि गूळ एकत्र शिजत असतानाचा तो वास, तेलात टम्म फुगणारा घारगा, आणि "बाळाला सीताफळ हवं होतं, हे घे म्हणावं सीताफळ" असं म्हणत तिनं खाल्लेला पहिला घास. हे सगळं मला काल घडल्यासारखं आठवतं.

त्याच सुमारास ती मला 'ताई' म्हणायला लागली. बाळाला आत ऐकू जातं, त्याला आत्तापासूनच सवय व्हायला हवी, असं तिचं म्हणणं. "ताई, पाणी दे." "ताई, वेणी घालायला ये." मला हे नाव इतकं आवडलं की शाळेतही मी मैत्रिणींना सांगून टाकलं, मी ताई आहे.

बाळ कार्तिकात आलं. किंवा आलं नाही. या वाक्याचं काय करायचं ते मला अजूनही उमगलेलं नाही.

आईला दुपारी हॉस्पिटलात नेलं. मला बीजींकडे ठेवलं. त्यांनी लोणी घातलेले पराठे करून वाढले आणि माझ्या डोक्यावरून सारखा हात फिरवत राहिल्या. त्या हातावरूनच मला काहीतरी कळायला हवं होतं. आईचं ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता आणि तोवर बाबा बीजींच्या यजमानांना सोबत घेऊन सगळं आटोपून आले होते. आईनं बाळ पाहिलं नाही. बाबा तिला एवढंच म्हणाले, "मुलगी होती. गेली." त्यापुढे त्या विषयावर ते जन्मभर बोलले नाहीत. विचारायला गेलं की चप्पल घालून बाहेर पडायचे.

आई घरी आली तेव्हा आमच्या गल्लीतली सप्तपर्णी फुलली होती. या झाडाचा वास कोणाला गोड वाटतो, माझं मात्र डोकं उठतं. इतरांच्या गच्च्यांवर दिवाळीचे दिवे राहिले होते. विणून तयार असलेला पिवळा स्वेटर आईनं ट्रंकेत तळाशी घातला आणि वर रजया रचून टाकल्या. ती आता मला ताई म्हणणार नाही, असं वाटलं होतं. पण ती म्हणत राहिली. बीजी एकदा हळूच म्हणाल्या, "इसे अब नाम से बुलाया कर," तर आई म्हणाली, "क्यों? ताई तो है ही."

मग ती दुपार. बाबा कचेरीत. आईनं रेशनकार्डाच्या फायलीतून हॉस्पिटलचा कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. ती गावात मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी अक्षरं लावता यायची पण अर्थ लागत नव्हता. आणि मी तर इंग्रजी शाळेत जात होते. "बघ गं ताई, माझ्या बाळाबद्दल काय लिहिलंय?"

डॉक्टरांच्या त्या गिचमिडीत मला एकच ओळ लागली. बेबी, फीमेल, आणि मग दोन सुटे सुटे शब्द, स्टिल आणि बॉर्न. बॉर्न मला येत होता. स्टिलसाठी मी बाबांचा जाडजूड शब्दकोश काढला, ज्याची पाठ उसवून खाकी कागदानं चिकटवली होती. त्यात स्टिलपुढे कितीतरी शब्द होते. निश्चल, स्तब्ध, शांत, शांत करणे, अद्याप, अजूनही, तरीही, दारू गाळण्याची भट्टी. मी बोट ठेवून एकेक वाचत गेले. निश्चल म्हणजे काय ते मला नीटसं ठाऊक नव्हतं. भट्टी तर नक्कीच नव्हती. वर्गात बाईंनी शिकवलं होतं, पाऊस पडत होता, स्टिल तो शाळेत गेला. ते वाक्य मला पाठ होतं.

"तरीही जन्मली," मी म्हटलं. "आई, इथे लिहिलंय, मुलगी, तरीही जन्मली."

मला माझ्या हुशारीचा केवढा अभिमान वाटला होता! इंग्रजी येऊन जेमतेम वर्ष झालेल्या मुलीनं हॉस्पिटलचा कागद वाचून दाखवला होता. आईनं कागद परत घेतला. त्या दोन शब्दांवरून अंगठा फिरवला. "तरीही जन्मली," ती स्वतःशी म्हणाली. आणि मग पुन्हा एकदा, आवाज न करता, नुसते ओठ हलवून.

त्यानंतर दर कार्तिकात त्या तिथीला आमच्याकडे घारगे व्हायचे. त्याचं कारण कोणी सांगायचं नाही आणि विचारायचंही नाही. बाबा दोन घारगे मुकाट्यानं खाऊन उठायचे. हळदीकुंकवाला आलेल्या नव्या बायका विचारायच्या, मुलं किती, तर आई म्हणायची, "दोन मुली. एक आहे." मला लाजल्यासारखं व्हायचं. मोठी होत गेले तसा रागही यायचा. हिचं हे काय, सारखं उगाळत बसायचं, असं वाटायचं. आणि आमच्या ब्लॉकमध्ये कुठेही तान्हं बाळ रडलं की आई हातातलं काम टाकून उठायची. पोळी तव्यावर करपली तरी चालेल. दारात जाऊन उभी राहायची, आणि रडणं थांबेपर्यंत तिथून हलायची नाही. मी मनाशी म्हणायचे, बिचारीला अजून बाळाची ओढ आहे.

पुढे मी कॉलेजात होते. मुनिरकात एका मैत्रिणीच्या खोलीवर आम्ही चौघीजणी चहा पीत बसलो होतो. मैत्रीण तिच्या मावशीबद्दल सांगत होती आणि बोलता बोलता तो शब्द म्हणाली. एक शब्द, जोडून. 'स्टिलबॉर्न'. बाकीच्यांनी च् च् केलं. मी विचारलं, "म्हणजे तरीही काय झालं?" तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. मग एकीनं हळू आवाजात अर्थ सांगितला. मी कप खाली ठेवला आणि घरी जायला निघाले. मुनिरका ते सरोजिनी नगर कितीसं लांब. तेवढ्या वाटेत मी मनात दहा वेळा वाक्य जुळवलं, आई, मी चुकले होते. जाळीचं दार उघडलं आणि गुळाचा वास आला. कार्तिक होता. आई तळत होती. तिनं वळून पाहिलं आणि म्हणाली, "आलीस का ताई? गरम आहे तोवर घे."

मी घारगा खाल्ला आणि काही बोलले नाही.

त्या दिवसापासून मी हे ओझं घेऊन चालतेय. कधी वाटायचं, सांगून टाकावं, तिचा हक्क आहे तो. लगेच वाटायचं, तिच्याकडे त्या मुलीचं दुसरं आहे तरी काय? चेहरा पाहिला नाही, नाव ठेवलं नाही, फोटोचा तर प्रश्नच नव्हता. 'तरीही' हा एवढा एकच शब्द आहे, तोही चुकीचा, पण तिनं तो आयुष्यभर उराशी धरलाय. तो काढून घेणारी मी कोण? एखाद्याला अंधारात ठेवलं तरी ते मायेनंच ठेवलंय, अशी मी माझी समजूत घालत आले. खरं सांगायचं तर मला तिच्या चेहऱ्याची भीती वाटत होती.

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं. मग बाबाही गेले. गेल्या महिन्यात सईला स्वेटर घ्यायला सरोजिनीच्या मार्केटात नेलं होतं, तेव्हा मेट्रोतून उतरून तिला म्हटलं, चल, माझं घर दाखवते. आमच्या गल्लीच्या जागी निळे पत्रे ठोकलेले होते. फटीतून पाहिलं तर मोठा खड्डा आणि क्रेन. बीजींचं अंगण, आमचं दार, सगळी रांगच्या रांग नाहीशी झालेली. सप्तपर्णी मात्र पत्र्याबाहेर राहिली होती, धुळीनं राखाडी झालेली. "मम्मा, इथे तो कुछ भी नहीं है," सई म्हणाली. मी म्हटलं, हो गं, चल, तुझा स्वेटर बघू.

चहा उतू गेला. गॅस पुसून, उरलेला चहा गाळून मी बाल्कनीत आले तेव्हा आई आणि सई दोघीही रंगात आल्या होत्या. सईच्या रकान्यात मराठी शब्दांची रांग लागली होती.

"पाणी हलत नसेल तर काय म्हणायचं, आजी?"

"संथ म्हण. गाळ खाली बसला असेल तर निवळलेलं."

"और हवा?"

"वारा पडलाय, असं म्हणायचं."

"हवा गिरते? ओ माय गॉड, सो क्यूट." सईनं लिहून घेतलं. "आणि माणूस असेल तर? जो हिलता ही नहीं?"

"स्तब्ध. थिजलेला. आजारी असला तर निपचित."

"निप... काय?"

"निपचित. हातपाय न हलवता पडून असणं," आई म्हणाली. मी तिच्या हातात चहा दिला आणि सईला म्हटलं, "पुरे झालं आता. जेवायची वेळ झाली. आवर ते."

"बस एक मिनिट मम्मा, लास्टवाला. कंपाउंड वर्ड्स पण लिहायचेत." ती टॅबलेटवर बोट सरकवत होती. "स्टिल लाइफ झालं. स्टिलनेस झालं. स्टिलबॉर्न. हे काय असतं?"

"ते नको लिहूस," मी म्हटलं. आवाज माझा मलाच परका वाटला. "सई, बंद कर तो टॅब."

पण तिचं वाचून झालं होतं. बारा वर्षांची पोर, तिला काय कळणार. ती हिंदीतला अर्थ मोठ्यानं सांगत होती, "मृत पैदा हुआ शिशु. मतलब आजी, असं बेबी जे बाहेर यायच्या आधीच मरून जातं. पोटातच. सो सॅड ना?"

आईच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली होती. तिनं ती तशीच मांडीवरच्या ताटात ठेवली.

"आधीच?" तिनं विचारलं.

"हां, आधीच."

"म्हणजे रडत नाही ते बाळ?"

"कसं रडेल आजी? वो तो पहले ही..." सईनं माझ्याकडे पाहिलं. आपलं काहीतरी चुकलं एवढं तिला कळलं होतं. मी तिला आत जायला सांगितलं. ती चार्टपेपर तिथेच टाकून गेली.

मी आईच्या समोर फरशीवर बसले. ती म्हणाली, "तुला ठाऊक होतं?"

"कॉलेजात असल्यापासून."

"सांगायचंस की गं, ताई."

"आई, मी लहान होते तेव्हा चुकीचं वाचलं. आणि नंतर धीर झाला नाही. मला वाटलं, तेवढाच तुला आधार आहे. तो काढून घेतला तर तुझ्यापाशी काय राहील?"

"आधार?" आई माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी परक्या भाषेत बोलले होते. "अगं, तू वाचून दाखवलंस तेव्हापासून मला एक रात्र धड झोप नाही. जन्मली म्हणजे रडली असणार. सगळी रडतात. आणि मी तिथे हातभर अंतरावर बेशुद्ध पडलेली. तिला कोणी उचललं असेल का? छातीशी धरलं असेल का? की रडून रडून आपोआप गप्प झाली? तुझ्या बाबांना विचारायची सोय नव्हती. कुठलंही पोर रडलं ना, की मला वाटायचं, ती अशीच रडली असेल आणि मी उठले नाही."

जे मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, तेच तिला खात होतं. एका वाक्यात ते संपवता आलं असतं, त्या दिवशी, घारगे तळून होण्याआधी. मी तिचा हात धरला. हाताला मटारच्या सालींचा हिरवा, कच्चा वास येत होता.

आई ओठ हलवून काहीतरी पुटपुटत होती, शब्द पुन्हा एकेक करून लावून बघत होती. मग तिनं मान वर केली.

"म्हणजे ती एकटी नव्हती," ती म्हणाली. "गेली तेव्हा माझ्यातच होती." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर ती मोठ्यानं रडली.